साठाच्या खाली

१ मार्च
आलो एकदाचे प्लोवदिव शहरात! आईने सकाळीच माझ्या आणि नेदाच्या मनगटाला एक मार्चचा शुभशकुनाचा लाल-पांढरा दोरा बांधला आणि माझ्या नव्या नोकरीच्या नावाने स्वतःला एक जास्तीचा बांधून घेतला. घर छोटंसं आहे, पण बाल्कनीत दिवसभर ऊन असतं. माझी लेक नेदा सहा वर्षांची. तिने प्रत्येक खोलीत एकदा लोळून घर पसंत केलं.

माझं ऑफिस तंबाखूच्या जुन्या गोदामात आहे. तिथे कॉम्प्युटर गेम बनवतात. काम ऐकून आई हसली, म्हणाली, "म्हणजे बसून खेळायचं आणि वर पगार?" तिला समजावलं, गेम म्हणजे एकामागून एक झरझर काढलेली चित्रं. सेकंदाला साठ निघाली की सगळं लोण्यासारखं सरकतं. कमी पडली की पात्रं अडखळतात. तो आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दिसत असतो. मी खेळायचं, तो कुठे घसरतो ते पाहायचं आणि कारण शोधायचं. आई म्हणाली, "नाडी बघण्यासारखंच की गं!"

४ मार्च
आमचा साहेब क्रस्त्यो दाढीवाला, बडबड्या माणूस. गेममध्ये डोंगरातलं एक गाव आहे आणि त्यात कारंज्यापाशी एक लहान मुलगी हवी होती. शाळेतून ऑफिसात आलेल्या नेदाला पाहून तो ओरडलाच, "अगं रालित्सा, ही तर तयारच आहे! दे जरा आम्हाला!" तिला कॅमेऱ्यांच्या रिंगणात उभं करून सगळीकडून फोटो काढले. नेदाने ऐटीत कमरेवर हात ठेवले. आज ती पडद्यावर आली. हुबेहूब! गालावरचा तीळसुद्धा. मला उगाच भरून आलं.

११ मार्च
कारंज्यापाशी आकडा पडतो. साठाचा चाळीस होतो. पाणी काढून पाहिलं, घरं काढून पाहिली, तरी तेच. मुलीला बाजूला केलं की मात्र सुरळीत. क्रस्त्यो म्हणाला, "तुझी पोरगीच जड आहे. काय खायला घालतेस तिला?" सगळे हसले. मीही हसले.

घरी आल्यावर आई म्हणाली, नेदा आज चालता चालता मध्येच थबकली, एक पाय अधांतरी ठेवून. हाका मारल्या तरी हलेना. मग काही न झाल्यासारखी पुढे गेली.

१५ मार्च
थबकणं वाढलंय. शाळेने घरी पाठवलं. डॉक्टरीणबाईंनी डोक्याच्या सगळ्या तपासण्या केल्या, काहीच निघालं नाही. म्हणाल्या, वाढतं वय आहे, होतं असं. मी ऑफिसचं मशीन घरी मागून घेतलं. नेदा निदान डोळ्यासमोर तरी राहील.

१६ मार्च
मला कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

नेदा टेबलाशी सूप पीत होती, मी शेजारीच गेम तपासत होते. आकडा धडाधड घसरत आठावर आला. मी सहज वळले. तिचा चमचा तोंडाशी थांबलेला. सूप खाली गळत होतं आणि तिची पापणीही हलत नव्हती. घाबरून मी गेम बंद केला.

तिचा श्वास थांबला. ओठ निळे पडले. आई किंचाळत होती. माझ्या हातांना काय सुचलं कोण जाणे, मी गेम पुन्हा चालू केला. कारंजं आलं, मुलगी आली, आणि इकडे नेदाने मोठ्ठा श्वास घेतला. विचारते कशी, "आई, हे सूप कुणी सांडलं?"

इतके दिवस गेम बंद असला तरी ती ठीक असायची. आता नाही. आता मशीन बंद करायचं नाही.

१७ मार्च
आकडा वर ठेवायला हवा. ओझं कमी केलं की वर येतो, हे तर माझंच काम. गेममधल्या सावल्या काढून टाकल्या. आकडा तिसावर आला. नेदा उठली, बाल्कनीत नाचली. माझा आनंद गगनात मावेना.

मग आईने माझा दंड धरला आणि फरशीकडे बोट दाखवलं. खुर्चीची सावली होती. कठड्याची होती. नेदाची नव्हती.

१८ मार्च
क्रस्त्योला बोलावलं. त्याने सगळं पाहिलं. दाढीआड पांढराफटक पडला. म्हणाला, मी तिला गेममधून काढूनच टाकतो. मी त्याचे दोन्ही हात धरले. म्हटलं, तिथून काढल्यावर माझ्याकडे काय उरेल? "मला यात ओढू नकोस, रालित्सा. मी काही पाहिलेलं नाही." जिना उतरताना तो धावत होता. नंतर फोन उचलला नाही.

२० मार्च
आकडा पुन्हा खाली. मशीन तापलंय. गेममधल्या मुलीच्या कातडीचा बारकावा कमी केला. इकडे नेदाचा तीळ गेला. बोटांवरच्या रेषा गेल्या. गाल मेणासारखे. आई तिला जवळ घ्यायला कचरते, मग कोपऱ्यात जाऊन रडते.

नेदा आरशासमोर उभी होती. म्हणाली, "आई, मी पुसट झाले का गं?"

नाही म्हणाले. मी नाही म्हणाले.

२१ मार्च
केसही गेले. आकडा पाच. श्वास येतो — थांबतो — येतो.

आता कमी करण्यासारखं एकच उरलंय. किती लांबपर्यंतचं दिसावं, ते. त्यापलीकडचं गेम काढतच नाही.

केलं.

साठ! साठ झाले! नेदा खदाखदा हसली, भूक लागली म्हणाली —

दोन पावलं पुढे गेली आणि नाही. खोलीत कुणीच नाही. आवाजही नाही. चाचपडत गेले तर तिथेच उभी. हाताला लागली तेव्हा दिसली. पळाली असती तर —

ते अंतर परत वाढवून पाहिलं. श्वास गेला. पुन्हा कमी केलं.

हात धरून बसलेय. डाव्या हातात तिचा हात, उजव्याने लिहितेय. लिहिलं नाही तर ओरडेन. तिला घाबरवायचं नाही. हातभर अंतरात आहे तोवर आहे. झोप आली तर — नाही. झोपायचं नाही.

दार वाजलं. आई बाजारातून आली. तिला ठाऊक नाही. दारातूनच हाक मारतेय, कुठंय माझी चिमणी, ये बघू पळत —

नेदा हसतेय. हात सोडवतेय. नको राणी, थांब, आजीकडे धावू न—