मांडीचा व्यायाम

माघ शु. ६, सोम.
सांगलीत गुडघ्याच्या डॉक्टर मॅडमना दाखवलं. उजवा जास्त, डावा त्याच्या मागोमाग. एक्स-रे खिडकीकडं धरून म्हणाल्या, झीज आहे. पन्नाशी गाठायच्या आतच. वजन उतरवा, उकिडवं बसणं बंद. म्हटलं, हळदीच्या गोदामात नमुने काढतो, दिवस उकिडवाच जातो. त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली. बाहेर रांग होती. मी दारात पोचल्यावर म्हणाल्या, "मांडीचा व्यायाम करा. सकाळ-संध्याकाळ, वेळ हळूहळू वाढवत न्या. पंधरा दिवसांनी या."
हायसं वाटलं. मांडी राहिली तर पखवाज राहील. बावीस वर्षं दर एकादशीला गावच्या देवळात तो मांडीवर घेऊन बसतोय. दुसरं काही मला येत नाही.

माघ शु. ९, गुरु.
सकाळी पूजा झाल्यावर दहा मिनिटं मांडी घालून बसलो. संध्या. पंधरा. समोर घड्याळ.
मंदा म्हणाली, "आवं, सगळं जग सांगतंय मांडी घालू नका, आन् तुमची बाईच घाला म्हणती व्हय?" म्हटलं, शिकलेल्या आहेत त्या. गंजलेली कडी हलवूनच सुटते.
गोदामात नवी हळद. हळकुंड मोडताना कट् वाजलं की वाळलं समजायचं. उठताना माझा गुडघा तसाच वाजला. शेजारचा हमाल म्हणाला, "दादा, माल तयार हाय." सगळ्यांबरोबर हसलो.

माघ शु. ११, शनि. एकादशी
अर्ध्या तासात पाय बधिर. मग कळ. तिसऱ्या अभंगाला ठेका सुटला. भाऊतात्यांनी वीणा न थांबवता नुसतं माझ्याकडं पाहिलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, कधी टाकून बोलत नाही. तेच जास्त लागतं.
संपत टाळ वाजवतो. शाळेत एकाच बाकावर होतो. म्हणाला, "शंकऱ्या, मोबाईलवर पखवाज मिळतोय गड्या. ठेका चुकत न्हाई, गुडघा बी दुखत न्हाई त्येचा." तिथंच लावून दाखवला. सगळे हसले.
आवाज चांगला होता.
आरतीनंतर नेहमीप्रमाणं सगळे देवापाशी बसून राहिले. आमच्यात लगेच कुणी उठत नाही. ही शांतता मला भजनाहून आवडते. आज मात्र उठायचं कसं, एवढंच डोक्यात. शेवटी खांब धरला.

माघ शु. १४, मंगळ.
पंचवीस मि. झाली. गुडघा सुजलाय, बोट दाबलं की खड्डा राहतो. रहिमतपूरच्या मेहुण्यानं तेल पाठवलं, तेही लावलं. साष्टांग घालता येत नाही, उभ्यानंच हात जोडतो. देवाला सांगितलं, व्यायाम चालू आहे.
फार थकल्यासारखं वाटतंय.

माघ व. ५, सोम.
मॅडमनी सूज पाहिली. "काय करत होता?" मी खाली बसलो आणि मांडी घालून दाखवली. म्हटलं, आता अर्ध्या तासावर आणलीय.
त्या उठून उभ्या राहिल्या. "अहो काका, ही मांडी!" असं म्हणून स्वतःच्या मांडीवर चापट मारली. "ही बळकट करायची! ती घालायची नाही!"
म्हणजे पंधरा दिवस मी औषध समजून दुखणंच घेत होतो. खरा व्यायाम खुर्चीवरचा. पाय सरळ करायचा, दहा आकडे धरायचा, सोडायचा.
"मांडी किती दिवस घालायची नाही?"
"कायमचंच धरून चाला."
एस.टी.त मंदा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मीही. गाव जवळ आल्यावर ती हळूच म्हणाली, "मग पखवाजाचं वो?"

माघ व. ८, गुरु.
पाय सरळ, धरायचा. आकडे मोजत नाही, दहा वेळा नाम घेतो. तेवढाच वेळ होतो. मांडी थरथरते.
पखवाज गळ्यात अडकवून उभं राहावं, तर दोन तास निघणार नाहीत. खुर्ची घ्यावी, तर देवाचे पाय माझ्या बुडाच्या खाली येतात. तात्यांना विचारलं. बराच वेळ वीणेच्या खुंट्या पिळत बसले. मग म्हणाले, "त्यो इटंवर हुबाच हाय. त्येच्या गुडघ्याचं कुणी इचारलं का आजवर?" हो की नाही, ते कळलं नाही.

माघ व. ११, रवि. एकादशी
घरची लाकडी खुर्ची नेली. बाजूला, भिंतीकडं ठेवली, देवाकडं पाठ नाही आणि पायही नाहीत. पखवाज मांडीवरून घसरत होता, मंदाच्या जुन्या साडीच्या पट्टीनं कमरेला बांधला. संपत म्हणाला, "आलं बघा सायब, हापिसात!" थाप उंचावरून पडते, डाव्या हाताचा घुमार नीट लागला नाही. पण ठेका सुटला नाही. मोबाईल संपतच्या खिशातच राहिला.
आरती झाली. सगळे नेहमीप्रमाणं बसून. आज मी सहज उठलो, बावीस वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांच्या आधी. वरून पाहिलं. तात्यांचा डोळा देवावर नव्हता, खांबावर होता. संपतचाही. दोघांचे हात गुडघ्यावर, आणि दोघंही वाट बघत होते, दुसरा आधी उठण्याची.
इतकी वर्षं मी हिला शांतता म्हणत होतो.
तात्या माझ्याकडं न बघता म्हणाले, "शंकरा, ती खुर्ची जरा हिकडं सरकव." सरकवली. खुर्चीची पाठ धरून तात्या उठले. मग संपत. मग बाकीचे, एकेक करून. 
निघताना खुर्ची उचलली, तर संपत म्हणाला, "ऱ्हाऊ दे रं हितंच."
ठेवून आलो. डावा घुमार अजून जमत नाही. सूज थोडी आहेच. सकाळचा व्यायाम राहिला होता, आल्यावर पलंगाच्या कडेवर बसून केला. डावा, दहा नामं. उजवा सातव्या नामालाच खाली आला.