फळ्यावरची वजनं

३ तारीख, सोमवार

पोचले एकदाची. सोबत एक ट्रंक, एक वळकटी आणि ही कोरी वही. वही ताईने दिली. म्हणाली, तिथे जनावरांसमोर गप्प राहावं लागणार, आणि तुला गप्प करणं म्हणजे फुटक्या नळाला चिंधी बांधणं. तेव्हा तोंडात येईल ते यात लिहीत जा. थोरली आहे, तिला बोलायचा हक्क आहे.

जागा मात्र झकास. लांबलचक तबेला, चौदा घोडी, मधल्या फरशीवर काडीसुद्धा सापडत नाही. अंगणापलीकडे माझी खोली. खाट, टेबल, आणि अंगणात उघडणारी मोठी खिडकी. इथे येतात ती सगळी अवघड जनावरं. कुणी खूर उचलू देत नाही, कुणी खरारा नुसता पाहिला तरी दोन पायांवर उभं राहतं. मालक कंटाळून आणून सोडतात. इथे त्यांना गुंगी देऊन अंग घासतात, आयाळ विंचरतात, खूर कापून नाल ठोकतात. ती गुंगी देणं माझं काम. आठ वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढली आहेत, त्यामुळे लाथ मारीन तिथे पाणी काढीन अशा तोऱ्यात आले आहे.

मालकीणबाई साठीच्या असतील. इतकं हळू बोलतात की समोरच्याला पुढे वाकावं लागतं. त्यांनी भिंगरीची चौकशी केली. भिंगरी म्हणजे माझी लेक, सात वर्षांची. माझं बस्तान बसेपर्यंत ताईकडे आहे, सोळा तारखेला येईल. मी सांगून टाकलं की पोरगी गुणाची आहे, पण केसांना ब्रश लावला की अशी किंचाळते की शेजारपाजार गोळा होतो, आणि नखं कापायची तर दोघांनी धरावी लागते. तिलाच एक डोस द्यायला हवा, असंही म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला! बाई हसल्या नाहीत. तिचं वजन किती, एवढंच विचारलं. मी म्हटलं, एकवीस किलो.

तबेल्याच्या दारात जनावरं तोलायचा काटा आहे. गंमत म्हणून त्यावर उभी राहिले. अठ्ठावन्न. बाई म्हणाल्या, छान.

४ तारीख, मंगळवार

आज पहिला धडा. नालबंदकाका शिकवतात. हात फळीसारखे रुंद, स्वभाव मऊ, पण एका बाजूला किंचित कलून चालतात.

सुई टोचायची नाही. औषधाची पेस्ट असते, बिनसुईच्या पिचकारीत. घोड्याच्या तोंडाच्या कडेला, जिथे दात नसतात, तिथून अंगठा आत घालायचा, जीभ उचलायची आणि पेस्ट जिभेखाली सोडायची. गिळू द्यायची नाही. कुणाला किती, ते तबेल्यातल्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं, वजनासकट. मग दोन्ही कानांत कापसाचे बोळे आणि चाळीस मिनिटं शांतता. सगळे कापडी जोड्यांत वावरतात. हळूहळू मान खाली येते, खालचा ओठ लोंबतो, आणि जो घोडा काल दार फोडत होता तो नखं कापायला बसलेल्या आजोबांसारखा पाय हातात देतो.

काकांनी एक गोष्ट दोनदा सांगितली. गुंगीतलं घोडं झोपलेलं नसतं. त्याला सगळं कळतं, ऐकूही येतं, फक्त हरकत घेता येत नाही. पण मोठा आवाज झाला की गुंगी क्षणात मोडते, आणि तेव्हा बसलेली लाथ बरोबर नेम धरून बसते. त्यांच्या दोन बरगड्या एका दाराच्या धडाक्याने गेल्या. कापूस त्यासाठीच.

फळ्यावर मी चौदा घोडी मोजली आणि पंधरावी ओळ दिसली. नाव नाही, नुसते चोपन्न किलो. म्हटलं, शिंगरू असेल. काकांना विचारलं तर त्यांना नेमकं तेव्हाच कानस धुवायची आठवण झाली.

६ तारीख, गुरुवार

हातमोजे एकाच मापाचे आणि ते काकांच्या. माझी बोटं त्यात पोहतात. काळी घोडी चावायला आली, पिचकारी निसटली, पेस्ट गव्हाणीत. शेवटी मोजे काढून ठेवले आणि उघड्या बोटांनी तीन घोडी उरकली. पेस्ट कातडीतूनही अंगात जाते, मोज्यांशिवाय हात लावू नकोस, असं काकांनी बजावलं होतं. आठ वर्षांच्या अनुभवापुढे काकांची काय कथा, असं वाटलं.

जरा जड वाटतंय. अंगणात उपड्या बादलीवर टेकते दोन मिनिटं. मग पुढचं लिहीन.

७ तारीख, शुक्रवार

कालची दुपार अशी गेली की सांगायला लाज वाटते. दोन मिनिटं टेकले ती उन्हं उतरल्यावर उठले. मधे झोप नव्हती. अंगण दिसत होतं, माझी मान आपोआप खाली येत होती, आणि कुणीतरी केस विंचरत होतं. हळू, वरून खाली, एकसारखं. उठल्यावर पाहते तर दोन वेण्या घातलेल्या आणि दहाही नखं कानशीने गोल केलेली.

बाई म्हणाल्या, किती शहाण्यासारखी बसली होतीस. त्यांना थकलेली माणसं बघवत नाहीत. जिवाला त्रास कशाला द्यायचा, मग तो जनावराचा असो की बाईचा.

माझी चूक, तेव्हा मी आभार मानले. खरं सांगायचं तर बरंही वाटलं. आई गेल्यापासून माझ्या केसांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

१० तारीख, सोमवार

शनिवारपासून मोज्यांवर मोजे घालते. पेस्टचा थेंब अंगाला लागू देत नाही. तरी काल दुपारी चहा झाला आणि पुन्हा मान खाली. आज पुन्हा तेच. जीभ सुकते, जिभेखाली कडवट लागतं. वेण्या रोज घातलेल्या असतात. आता आभार मानत नाही. घोडं कुठे पेंड खातंय ते बघायला हवं.

इथे बादल्या धुणारी एक बाई आहे. पाठ करून उभी असते, बोलत नाही. मला वाटलं मुकी आहे. काका म्हणाले, छे, तुझ्याआधी तुझं काम तीच करायची. तुझ्यासारखीच बडबडी, कुणाचं ऐकायची नाही. आता बघ कशी छान झालीय. छान म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

फळ्यावर आता सोळा ओळी आहेत. सोळावी अठ्ठावन्न किलो. हे शिंगरू नाही. मला माझं वजन माहीत आहे.

१२ तारीख, बुधवार

चहा ओतून दिला, मोरीत. डोकं बरंच हलकं आहे.

बादलीवालीजवळ गेले. नाव विचारलं, घर कुठे, माणसं कुठे आहेत. तिने माझा हात धरला, नखांवरून अंगठा फिरवला. तिचीही नखं तशीच, गोल. मग तिने तोंड उघडून जीभ वर उचलली. खालचं सगळं पांढरं पडलंय, भाजल्यासारखं. मी हाका मारत राहिले तर नुसती बघत राहिली. वाकली तेव्हा तिच्या कानातून कापसाचा बोळा खाली पडला. तिने तो उचलून झटकला आणि परत कानात घातला. स्वतःच्या हाताने.

मला भीती वाटते. लिहून टाकते म्हणजे खोटं बोलता येणार नाही. उद्या ताईला फोन करून भिंगरीला थांबवायचं आणि आपण निघायचं. ट्रंक गेली खड्ड्यात.

१३ तारीख, गुरुवार

ऑफिसातून फोन केला. बाई शेजारी उभ्या होत्या, हसऱ्या चेहऱ्याने. ताई आनंदात. म्हणाली, तुमच्या बाई किती चांगल्या गं, स्वतः फोन केला, रविवारी गाडी पाठवतायत, म्हणजे मला यायची दगदग नको. मी सांगायला लागले की पाठवू नकोस. जीभ हलेना. आज चहा घेतला नव्हता. मग पाण्यात होतं? भाकरीत? मी पा, पा करत राहिले. ताई हसली, झोपेतून उठून आलीस का, म्हणाली. भिंगरी मागून ओरडत होती की मला बोलायचंय, मला द्या.

बाईंनी फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि हळूच जागेवर ठेवला.

येताना फळा पाहिला. सतरावी ओळ ताजी आहे, खडूची भुकटी अजून खाली पडलेली. एकवीस किलो.

मीच सांगितलं होतं. डोस द्यायला हवा, हेसुद्धा मीच—

१५ तारीख, शनिवार

सकाळी फाटकापर्यंत गेले. शंभर पावलं, त्याला किती वेळ लागला कळत नाही. काका आले. ओढलं नाही, रागावले नाहीत. घोड्याला नेतात तसं खांद्याशी खांदा लावून वळवलं आणि आणलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, लढू नकोस पोरी, लढणाऱ्याला जास्त द्यावं लागतं.

आता लपवाछपवी संपली. दात घट्ट धरले. बाई म्हणाल्या, काळी घोडीपण पहिले काही दिवस असंच करते. घोड्याच्या तोंडात दात नसलेली जागा असते. माणसाच्या तोंडात नसते. पण त्यांनी केली. मागची दाढ— रक्त थांबलंय.

पाय चालत नाहीत. बोटं चालतात, म्हणून लिहिते. पेन्सिल उशीखाली.

एक आहे. गुंगी मोडते. मोठा आवाज हवा. मला काढता येत नाही. इथे कुणी काढत नाही.

भिंगरी काढते.

१६ तारीख, रविवार

सकाळ. गाडी आली.

खिडकीशी बसवलंय मला. खुर्चीत. वेण्या घालून. वही-पेन्सिल मांडीवर राहू दिली. बाई म्हणाल्या, आई दिसली की लेकरू बुजत नाही.

लाल फ्रॉक. धावत आली, खिडकीतून गळ्यात पडली. हात उचलता आला नाही. ती म्हणाली, आई, तू रुसलीस का? किती वेळ विचारत होती. माझा ओठ—

बाई तिला घेऊन गेल्या. दोघी तबेल्यात घोडी बघतायत. मधे काका आले. माझ्या मागे उभे राहिले, डोक्यावरून, कानांवरून हात फिरवला. मग गेले. आता सगळं फार शांत आहे.

आल्या बाहेर. अंगणात उपडी बादली. भिंगरीला त्यावर बसवलं. बाईंच्या हातात ब्रश.

चला. आता. केसांना हात लागू दे. ती किंचाळेल. शेजारपाजार गोळा करणारी माझी— एक किंकाळी पुरे. मोडेल गुंगी. एकच लाथ, नेम धरून. मग तिला उचलायचं आणि फाटक. शंभर पावलं. तयार आहे मी.

ब्रश टेकला.

तोंड उघडलं तिने. मोठं. डोळे मिटले, गळ्याच्या शिरा ताणल्या. पाय झाडतेय.

आवाज नाही.

का नाही? तोंड तर उघडं आहे. ओरड, बाळा. ओरड ना. बाईंचा अंगठा तिच्या ओठाच्या कडेला—

आवाज का ये

कान. काकांनी कानांवरून हात—

हात उचलते. जड. अजून थोडा—

कापूस आहे.

डावा निघाला. उजवा आत गेलाय, किती वेळ झाला, नख पोचत नाही, नखं गोल—

निघाला.

ऐकू येतंय. ब्रश. वरून खाली. एकसारखा. फक्त ब्रश. तिची मान खाली येतेय. म्हणजे मघाशीच ती ओरडून झा