बिनमिठाची भरली वांगी

२६ एप्रिल १९९२, रविवार. सकाळी ७

रोजनिशी सुरू. वाचणारा मीच, त्यामुळे नम्रपणाची गरज नाही.

पार्श्वभूमी एकदाच लिहून टाकतो. नोव्हेंबरात मुदतपूर्व निवृत्ती घेतली. उभी हयात ब्रिस्टलमध्ये विमानांच्या पंखांची ड्रॉइंग्ज तपासण्यात गेली. कंपनीने आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांना एकाच दुपारी निवृत्त केलं, हा भाग वेगळा. लोक त्याला रिडंडन्सी, म्हणजे नोकरकपात, म्हणतात. लोकांना नावं ठेवायला काय लागतं.

जानेवारीत श्रीनिवासने माझं कोलेस्टेरॉल तपासलं. हा आमचा जुना मित्र आणि फॅमिली डॉक्टर. म्हणाला, शशी, तुपाचा डबा घराबाहेर काढ, नाहीतर मी तुला हॉस्पिटलात टाकतो. तिथेच कल्पना सुचली. ‘हेल्दी महाराष्ट्र’. बिनतेलाचं, बिनमिठाचं मराठी जेवण, फ्रोझन, प्रत्येक सुपरमार्केटात. रेसिपी माझ्या, हात सुप्रभाचे. सुप्रभा माझी बायको. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये असते. सकाळी उठून स्वयंपाक करते, मग कामावर जाते. मी मार्गदर्शन करतो.

एक किरकोळ गोष्ट. काल चहा पिताना ती म्हणाली, मे संपला की मी मंजिरीकडे जाणार आहे. मंजिरी आमची मुलगी, रीडिंगला असते. मी म्हटलं, जा की चार दिवस. ती म्हणाली, चार दिवस नाही, कायमची. मग कप विसळला आणि कपडे वाळत घालायला बागेत गेली. आवाज चढवला नाही, रडली नाही. म्हणजे मनावर घेण्यासारखं काही नाही.

तरी झोप लागली नाही. चहा स्ट्राँग होता.

२९ एप्रिल, बुधवार

नशीब उघडलं. कौन्सिलमधून फोन. रोसारियो मोंतेस नावाच्या बाई टेक्सासहून येतायत. मूळच्या मेक्सिकोच्या. तमाले, म्हणजे मक्याच्या पानात गुंडाळून वाफवलेलं मक्याचं पीठ, हे डुकराच्या चरबीवाचून करून विकतात. घरच्या ओट्यावर सुरू केलं, आता कंपनी आहे. इंग्लंडमधली शहरं हिंडतायत. सोळा मेला ब्रिस्टल. कॉलेजच्या मोठ्या किचनमध्ये कार्यक्रम, विषय आपली संस्कृती आणि तब्येतीला सोसणारं जेवण. प्रत्येक समाजातल्या एकाने स्टेजवर पदार्थ करून दाखवायचा. महाराष्ट्र मंडळातून कोणी आहे का?

मी म्हटलं, आहे. नाव विचारलं. माझं दिलं. सुप्रभा कामावर होती, तिला विचारणार तरी कसं.

संकल्प: बाईंना पार्टनर करायचं. त्यांची कंपनी, माझी बुद्धी. आणि सुप्रभाने मला स्टेजवर पाहिलं की रीडिंगचं खूळ डोक्यातून जाईल.

४ मे, सोमवार. बँक हॉलिडे

भरल्या वांग्यांची तिसरी ट्रायल. तेलाऐवजी वाफ. मिठाऐवजी चिंच आणि आत्मविश्वास. अप्रतिम. मी दोनदा घेतली. सुप्रभाला म्हटलं, बघ, मिठावाचून कोणाचं अडत नाही. तिने माझं ताट उचललं. ती माझं झाल्यावर जेवते, बहुधा किचनमध्ये, बहुधा उभ्याने. तिला तसंच आवडत असावं.

दुपारी ती रस्सा तळहातावर घेऊन चाखत होती. तिथल्या तिथे थांबवलं. आमच्या घरी शिजताना चाखायची पद्धत नाही. आईने आयुष्यभर न चाखता नैवेद्य केला, देवाने कधी तक्रार केली नाही. स्टेजवरही हेच सांगणार. अमेरिकन लोकांना अशा गोष्टींचं अप्रूप असतं.

सुप्रभाने विचारलं, सोळा तारखेला करणार कोण? मी म्हटलं, मी. अहो, तुम्ही? म्हणाली आणि हसली. कित्येक महिन्यांनी हसली. गाडी रुळावर येते आहे.

९ मे, शनिवार

मंजिरीचा फोन. म्हणाली, बाबा, आईने तुम्हाला सांगितला ना, ती इकडे मूव्ह करते? हॉस्पिटलमध्ये ट्रान्स्फरपण मिळाला तिला. मी म्हटलं, आई दमली आहे, तिला चेंज हवा आहे. मंजिरी म्हणाली, नाही बाबा, ती टायर्ड नाही. ती डन आहे. तुम्ही तिच्याशी बोल ना प्लीज.

मुलगी इथे जन्मलेली. तिचं मराठी कच्चं, त्यामुळे नक्की अर्थाचा भरवसा नाही.

सुप्रभाशी बोलायला वर गेलो. ती जानेवारीपासून मंजिरीच्या खोलीत झोपते, माझ्या घोरण्यामुळे. दार लोटलेलं होतं. ती कपाट आवरत होती. मी विचारलं, चिंच पुरेशी आहे ना? आहे, म्हणाली.

बोलायचं स्टेजवरच बोलू. सगळ्यांसमोर तिचे आभार मानायचे ठरवलं आहे. ‘माझी असिस्टंट’ म्हणणार. भाषणातल्या या वाक्याखाली दोन रेघा मारून ठेवल्या आहेत.

१६ मे, शनिवार. संध्याकाळी ६

कार्यक्रम झाला. यशस्वी म्हणायला हरकत नाही. तपशील उद्या.

१७ मे, रविवार

तपशील.

गर्दी चांगली. मंडळाचे लोक दुसऱ्या रांगेत, सुप्रभा त्यांच्यात. रोसारियोबाई ठेंगण्या, हसऱ्या, कमरेला फडकं. जमैकन गृहस्थांचे राजमा-भात झाले, इटालियन बाईंचं सूप झालं. बाई प्रत्येक पातेल्यात चमचा घालून चाखत होत्या आणि तोच चमचा करणाऱ्याच्या तोंडापुढे धरत होत्या. सगळं उष्टं. पार्टनरशिपसाठी चालवून घेतलं.

माझी पाळी आली. नैवेद्याचं सांगितलं. टाळ्या पडल्या. वांगी वाफवली. बाईंनी चमचा घातला. चाखलं. थांबल्या. पुन्हा चाखलं. मग अगदी मायेने विचारलं, तुम्ही हे घरी खाता? मी म्हटलं, रोज. जमैकन गृहस्थांनी एक घास घेतला आणि पाणी मागितलं. मी चमचा घेतला नाही. पद्धत म्हणजे पद्धत. पण लोकांचे चेहरे दिसत होते.

बाईंनी विचारलं, घरी स्वयंपाक कोण करतं? मी म्हणणार होतो की टीमवर्क आहे. तेवढ्यात मंडळातल्या सुलक्षणाने सुप्रभाला ढकलून उभं केलं. बाईंनी तिला हाताला धरून वर आणलं आणि आपला तोच उष्टा चमचा तिच्यापुढे धरला. मला वाटलं, आता सुप्रभा नको म्हणेल. तिने घेतला. चाखलं. मीठ मागून घेतलं, चिमटीने घातलं, लिंबू पिळलं, पुन्हा चाखलं. इतकी वर्षं एका घरात राहून मी तिला असं सगळ्यांसमोर खाताना पाहिलं नव्हतं.

मग लोकांनी पातेलं रिकामं केलं. रेसिपी मूळ माझीच.

बाईंनी तिला विचारलं, तुम्हाला स्वतःला काय आवडतं? ती बावरली, म्हणून मीच उत्तर दिलं. पुरणपोळी. सुप्रभा म्हणाली, नाही. इंग्लिशमध्ये म्हणाली. मला ज्वारीची भाकरी आवडते, तव्यावरून थेट ताटात, सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा. लग्न झाल्यापासून केली नाही. यांच्या घरी पोळीच लागते.

हे खरं आहे. आई म्हणायची, भाकरी आपल्याकडची नाही. पण सुप्रभा सोलापूरकडची, तिने एकदा तरी सांगायचं होतं.

बाईंकडे मक्याचं पीठ भिजवलेलं होतं. सुप्रभाने गोळा घेतला आणि हातावर थापायला लागली. बाईंनी दुसरा घेतला. दोघी थापत होत्या, हसत होत्या, एकमेकींच्या हातांकडे बघत होत्या. तव्यावर टाकल्यावर सगळे उठून पुढे आले. आभाराचं भाषण राहून गेलं. कागद खिशातच होता.

जाताना बाईंच्या हातात बिझनेस प्लॅन दिला. ड्रॉइंग्ज सुंदर आहेत, म्हणाल्या. फोन नंबर सुप्रभाचा घेतला. मी कामात असतो असं त्यांना वाटलं असावं.

परत येताना गाडीत सुप्रभा म्हणाली, तुम्ही किचनमधून बाहेर गेलात की मी मीठ घालत होते. जानेवारीपासून. तेलही. तुम्हाला जेवण जावं म्हणून.

म्हणजे सगळ्या ट्रायल्स बाद.

मी विचारलं, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही खूश होतात. बाकी तेवढंच तर होतं घरात. मग खिडकीतून बाहेर बघत राहिली. मला काहीतरी बोलायचं होतं. सिग्नल हिरवा झाला.

२४ मे, रविवार

रोसारियोबाईंचा कॉव्हेंट्रीहून फोन. मी घेतला, म्हटलं, प्लॅनचं काय ठरलं? त्या म्हणाल्या, मिसेसना द्याल का? ठेचा कसा करायचा ते विचारायचं होतं. दोघी खूप वेळ बोलल्या. मी शेजारी उभा होतो, धंद्याची गोष्ट निघाली तर असावं म्हणून. निघाली नाही. सुप्रभाने फोन ठेवून दिला.

संध्याकाळी घरात भाकरीचा वास. ईस्टनच्या दुकानातून तिने ज्वारीचं पीठ आणलं होतं. टेबलाशी बसून जेवत होती, माझ्या आधी. मी समोर बसलो. अर्धी मलाही वाढली. चांगली होती. चांगली झाली आहे, असं म्हणायचं ठरवलं होतं, पण तोंडून निघालं, यात फायबर भरपूर असतं.

संकल्प: पुढच्या रविवारपर्यंत तिच्याशी नीट बोलायचं. मुद्दे काढून.

३१ मे, रविवार

मुद्दे काढून झाले नाहीत. सकाळी टेंपल मीड्स स्टेशनवर सोडलं. दोन बॅगा आणि तवा. मी म्हटलं, तवा कशाला, मंजिरीकडे असेल की. ती म्हणाली, हा माझा आहे.

पुढच्या शनिवारी येतेस ना, विचारलं. ती म्हणाली, अहो, मी तुम्हाला स्पष्ट सांगितलंय. श्रीनिवासकडे जाऊन बीपी बघून घ्या, गोळ्या चुकवू नका. मग डब्यात चढली. ट्रेन गेल्यावरही मी प्लॅटफॉर्मवर उभा होतो. पार्किंगची वेळ उरली होती.

थोडे दिवस जातील. माणूस रागात कायमचं म्हणतो.

७ जून, रविवार

रागावलेली नव्हती. तेच डोक्यातून जात नाही.

वांगी केली, मीठ घालून. दोनदा पडलं बहुधा. चाखायला हवं होतं.

‘हेल्दी महाराष्ट्र’ तूर्त स्थगित. कारण: मनुष्यबळ.

११ जून, गुरुवार

सुप्रभाचा फोन. मी काही बोलायच्या आत म्हणाली, माझा जाड कोट तिथे राहिलाय, शनिवारी जयंत ब्रिस्टलला येतोय, त्याच्याकडे द्या. जयंत आमचा जावई.

जूनमध्ये जाड कोट. देतो, म्हटलं.

कपाटात बायकांचे कोट दोन. एक निळा, एक तपकिरी. तिचा कोणता ते आठवेना. इतके हिवाळे तिच्याबरोबर चाललो, पण आठवतं ते फक्त ती एक पाऊल मागे चालायची हे. फोन करून विचारणं शक्य होतं. कसं विचारणार.

दोन्ही दिले तर कपाटात तिचं काहीच उरत नाही.

१३ जून, शनिवार

उत्तम योजना. जयंतला निळा दिला. तपकिरी मुद्दाम ठेवून घेतला. चुकीचा असेल तर बदलायला तिला यावं लागेल. आली की चहा करायचा, भाकरी थापून बघायची, समोर बसवायचं आणि मग सगळं बोलायचं. पीठ आणून ठेवलं. किचन पुसलं.

जयंत दारातूनच गेला. म्हणाला, बाबा, तुम्ही बारीक झालात.

१४ जून, रविवार. सकाळी ११

फोन वाजला. जिन्यावरून धावत आलो. सुप्रभा. निळा मंजिरीचा होता, कॉलेजात असतानाचा.

मी म्हटलं, मग ये ना. तुझा इथेच आहे, मुद्दाम ठेवलाय. मुद्दाम हा शब्द निसटला. ती हळू म्हणाली, अहो, असू दे तो. मी काल इथे सेलमध्ये नवा घेतला.

बरं केलंस, मी म्हटलं.

तपकिरी कोट काढून पलंगावर ठेवला. कॉलरला तिच्या केसांच्या तेलाचा वास आहे. त्याच्याजवळ बसून रडलो. बाहेर कडक ऊन पडलंय, हिवाळ्याला अजून खूप अवकाश आहे, आणि तिने कोट घेऊनही टाकला. ती येणार नाही.

नवा संकल्प नाही.