सुंभाच्या खुर्चीला दगडी मुलामा

तीर्थरूप ताईस, धाकट्याचा पायांवर माथा (गुडघे वाकत नाहीत, म्हणून कागदावरच).

करकर, करकर! आठवते ना? अप्पा सुंभाच्या खुर्चीत रेलायचे, खुर्ची करकरायची आणि त्या तालावर आपण शाळेतल्या कविता म्हणायचो. तुझी तब्येत कशी आहे? माझी विचारू नकोस. आमच्याकडे जावईबापूंचे विज्ञान मुक्कामाला आले आहे.

हे गृहस्थ काथ्या, ताग, अंबाडी अशा धाग्यांवर खनिजाचा मुलामा चढवतात. म्हणजे त्या कोवळ्या जिवाला चुन्याच्या पाण्यात बुडवायचे, अंगावर दगडाचे बारीक कण धरू द्यायचे आणि मग प्लॅस्टिकमध्ये घालून त्याची मोटारीची दारे करायची. (मोटारीच्या दारावर कुणी कविता केल्याचे ऐकिवात नाही.) मुलामा दिलेला धागा पाणी पीत नाही, चटकन पेटत नाही, धरले त्याला सोडत नाही. एवढे गुण आपल्या घराण्यात एकाही माणसात नाहीत. प्रयोगाची बादली न्हाणीघरात असते. आंघोळ तिच्या सवडीने.

परवा त्यांची नजर अप्पांच्या खुर्चीवर गेली. "बाबा, इतका जुना काथ्या शोधून मिळायचा नाही. द्या ना!" मी साफ नाही म्हणालो. तर हा पठ्ठ्या समोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "ती तुमची शाळेतली नदीची कविता म्हणा ना, सगळी." सगळी! या घरात मला दुसऱ्या कडव्यापुढे कुणी जाऊ दिलेले नाही. शेवटच्या कडव्याला मी डोळे पुसत होतो आणि तो सुंभ उसवत होता.

खुर्ची विणून परत आली. प्रयोग यशस्वी! बसलो की पायरीवर बसल्यासारखे वाटते. झोळ नाही, आणि करकर तर नाहीच. लेक म्हणते, "बाबा, किती शांत झाली हो!" झाली खरी, आता मी कविता सुरू केली की दुसरी ओळच आठवत नाही.

असो. बाकी सर्व कुशल.

ता. क. – अप्पांची दुसरी खुर्ची तुझ्याकडे आहे ना? ती मला दे. पत्र त्यासाठीच; वरचे सगळे प्रास्ताविक. जावईबापूंना सुगावा लागू देऊ नकोस.

ता. क. २ – जिन्यात करकर ऐकू येते आहे! डोकावलो, तर तूच! लेकीने फोनवर सगळे सांगितलेले दिसते. खुर्ची जावईबापूंच्या डोक्यावर, आणि दर वळणाला ती खाली ठेवायला लावून तू तिच्यात बसून दम खाते आहेस. आता हे पत्र टाकू कुठे? तू तर दारातूनच ओरडते आहेस, "अरे, हिलाही बुडवा त्या बादलीत! या मेल्या करकरीने जन्मभर झोपू दिलं नाही!"