पश्चिमेच्या शेतातली न पेरलेली जागा

झाले ते असे:

१. या वर्षी मार्चमध्ये जिल्हा कचेरीतल्या जुन्या मोजणी वह्या चाळताना मला १८३९ सालची, एका रस्त्याच्या मोजणीची वही मिळाली.

२. तीत ही नोंद आहे: ‘हद्दीच्या दगडापासून पूर्वेस चार साखळ्या वीस कड्या. येथे ब्रॅनमची पहिली बायको पुरलेली आहे. रस्ता दक्षिणेकडून वळवला.’

३. आमच्या कुटुंबाच्या समजुतीप्रमाणे ईनस ब्रॅनमला एकच बायको होती. तिचे नाव कझाया. ती १८३१ साली इंडियानाच्या जंगलात आली, झाडे तोडून पहिले शेत काढले, लोखंडी कढई बडवून अस्वल पळवले आणि तेरा मुले वाढवली.

४. ६ एप्रिल रोजी मी ती जागा मोजून काढली. ती माझ्या व्हर्ना आत्याच्या शेतात आहे.

५. १४ एप्रिल रोजी, रविवारच्या जेवणानंतर, मी हे आत्याला सांगितले.

६. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही.

७. १८ जून रोजी माझे पित्ताशय काढणार आहेत.

वरील सात गोष्टींमुळे मी, रोवीना ब्रॅनम, वय ३१, परवानाधारक भूमापक, राहणार मिल स्ट्रीट, एल्क फोर्क, हे मृत्युपत्र लिहीत आहे. ते मी कुणाच्या दबावाखाली लिहिलेले नाही. उलट सगळे नको म्हणत असताना लिहिले आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. काल केलेल्या मोजणीत वीस हजारांत एक एवढीच चूक आली. कागद कचेरीत पाहायला मिळेल. शस्त्रक्रिया किरकोळ आहे असे डॉक्टर म्हणाले. किरकोळ म्हणजे किती, असे विचारल्यावर त्यांनी आकडा दिला नाही. आई म्हणाली, “पित्ताशय काढायला मृत्युपत्र नाही लागत गं, पायजमा लागतो.” पायजमा घेतला आहे.

कलम एक. घर. मिल स्ट्रीटवरचे घर आईला द्यावे. जिना तिला चढवत नाही, तेव्हा विकले तरी चालेल. मात्र घेणाऱ्याला खरे सांगावे की कुंपण शेजारच्या हद्दीत अकरा इंच गेलेले आहे. ते मी घातलेले नाही. भूमापकाच्या घराचे कुंपण चुकलेले आहे यावर गावात पुरेसे हसून झाले आहे.

कलम दोन. व्यवस्थापक. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझा आतेभाऊ ड्वेन याने करावी. तो व्हर्ना आत्याचा मुलगा असून तिची शेती तोच करतो. पेरणी आणि कापणी सोडली तर तो कुठलेही काम वेळेवर करत नाही, पण करतो.

कलम तीन. हत्यारे. माझा थिओडोलाइट (कोन मोजायचे यंत्र), तिपाई आणि सगळे खुंटे माझा सहायक कर्टिस येगर याला द्यायचे मी ठरवले होते. पण लाभ घेणाऱ्याने साक्षीदार होऊ नये, आणि कर्टिसने साक्षीदार व्हायचे आधीच कबूल केले होते. त्याला दोन्हीतले एक निवडायला सांगितले. त्याने थिओडोलाइटच्या पेटीचे झाकण लावले आणि म्हणाला, “सही कुठं करू?” सबब ही हत्यारे जिल्ह्याच्या तांत्रिक शाळेला द्यावीत. वडिलांची जुनी, शंभर कड्यांची मोजणीची साखळी मात्र ड्वेनला. शंभर फुटी टेप त्याने २०१९ साली ‘दोन दिवसांकरता’ नेला होता, तोही त्याच्याकडेच राहू द्यावा. मी तो माफ केलेला नाही, फक्त दिलेला आहे.

कलम चार. मांजर. स्पड हे मांजरही ड्वेनला. ड्वेनला मांजरे आवडत नाहीत. स्पडला ड्वेन आवडत नाही. दोघांचे चांगले जमेल.

कलम पाच. अस्वलाचे कातडे. ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी चर्चमागच्या हिरवळीवर सगळे ब्रॅनम जमतात. जेवणाआधी मुले कझाया आणि अस्वलाचा प्रसंग करतात. वय वर्षे नऊ ते बारा मी अस्वल होते, कारण मी उंच होते. कातडे म्हणजे न्हाणीघरातली तपकिरी पायपुसणी, चार जोडून. अकराव्या वर्षी मी तालमीत विचारले, “अस्वलानं कढईपासून किती फुटांवर थांबायचं?” व्हर्ना आत्या म्हणाली, “बाई, तू अस्वल हो. इंजिनिअर होऊ नकोस.” हे कातडे माझ्या कपाटात आहे. ते पुढच्या अस्वलाला द्यावे आणि त्याला सांगावे: सहा फूट.

कलम सहा. व्हर्ना आत्याचे काचेचे भांडे. हे भांडे तिला परत द्यावे. १४ एप्रिलला बटाट्याची भाजी तिने यातूनच माझ्याबरोबर दिली होती. बुडाला चिकटपट्टीवर ‘व्हर्ना’ असे लिहिलेले आहे. आमच्याकडे प्रत्येक बाईच्या भांड्याला अशी पट्टी असते, म्हणून चाळीस भांडी एका टेबलावर आली तरी कुणाचे कुठे जात नाही.

कलम सात. दोन कझाया. माझ्याकडची कागदपत्रांची निळी पेटी व्हर्ना आत्या यांना द्यावी. त्यांनी अकरा वर्षे खपून ब्रॅनम कुटुंबाचे पुस्तक लिहिले आणि चर्चच्या कचेरीत त्याच्या एकशे चाळीस प्रती काढल्या. त्यात ‘कझाया प्रुइट लूमिस’ अशी एकच बाई आहे. चर्चच्या स्मशानात तिचा सुरेख दगड आहे: मृत्यू १८९३, वय ७६. म्हणजे जन्म १८१७. लग्न मात्र केंटकीत १८२९ साली.

१४ एप्रिलला मी म्हणाले, “आत्या, ती बारा वर्षांची होती.”

“तेव्हाच्या मुली लवकर मोठ्या व्हायच्या.”

“पहिलं मूल पुढच्याच वर्षी झालंय.”

“खूपच लवकर,” ड्वेन म्हणाला. त्याला स्वयंपाकघरात भांडी पुसायला पाठवण्यात आले.

पेटीत दोन लग्नांच्या नकला आहेत. कझाया प्रुइट, जन्म १८१०, लग्न १८२९, पाच मुले, मृत्यू सप्टेंबर १८३८. शेत तिने काढले. अस्वलही तिचेच; ते आले १८३३ साली, तेव्हा दुसरी अजून सोळा वर्षांची होती आणि तीनशे मैलांवर होती. दुसरी कझाया लूमिस, लग्न फेब्रुवारी १८३९, आठ मुले. आत्या आणि मी ज्याच्या वंशातल्या, तो ऑरिन पहिलीचा पाचवा. आई गेली तेव्हा तो एका महिन्याचा होता.

आत्या म्हणाली, “दोन असत्या तर मला बाबांनी सांगितलं असतं.” मग म्हणाली, “मग मी पन्नास वर्षं कुणाचा दगड धुतला?”

आत्या दर मे महिन्यात बादली आणि ब्रश घेऊन तो दगड धुते. मी भाजीचे भांडे उचलले आणि निघाले. जाताना दार जोरात लागले. ते वाऱ्याने लागले असे मी तेव्हा मानले होते. हवामान खात्याची नोंद पाहिली. त्या दिवशी वारा नव्हता.

कलम आठ. जागा. ती जागा पश्चिमेच्या शेतात आहे. रस्ता पुढे बंद पडला आणि शेतात गेला. ६ एप्रिलला मी हद्दीच्या दगडापासून मोजत गेले आणि चार साखळ्या वीस कड्यांवर थांबले. पायाखाली मक्याचे धसकट नव्हते. एका खोलीएवढ्या जागेत जमिनीलगत पसरणारा निळ्या फुलांचा वेल होता. पूर्वी तो लोक कबरींवर लावत. ड्वेन ट्रॅक्टरजवळ उभा होता.

“इथे का पेरत नाहीस?”

“इथे नाही पेरत.”

“पण का?”

“आजोबा वळसा घालायचे. मी विचारलं तर म्हणाले, माझे वडीलही घालायचे.”

“खाली खडक आहे का?”

“कुणी बघितलंय? वळसा घालायला काय लागतं?”

ड्वेनचा नवा ट्रॅक्टर उपग्रहाच्या आधाराने स्वतःच चालतो. त्याच्या नकाशात ही जागा अडथळा म्हणून भरलेली आहे. यंत्राने अडथळ्याचे नाव विचारले तेव्हा ड्वेनने ‘आजोबा’ असे घातले. तिथे ‘कझाया’ करावे, एवढे तरी व्यवस्थापक म्हणून त्याने करावे. याला कुणाची परवानगी लागत नाही.

कलम नऊ. दगड. बँकेत माझी जी शिल्लक असेल त्यातून त्या जागेवर एक दगड बसवावा. दगड तयार आहे, माझ्या गॅरेजमध्ये आहे, गुडघ्याएवढा आहे. त्यावर फक्त ‘कझाया प्रुइट ब्रॅनम, १८१०–१८३८’ असे आहे. कढई, अस्वल काही नाही. परंतु जमीन व्हर्ना आत्या यांची आहे. त्यांचा होकार नसल्यास दगड हलवू नये.

कलम दहा. पुस्तक. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाल्यास माझी एक विनंती आहे. पहिलीची मुले आणि दुसरीची मुले असे दोन तक्ते करू नयेत. हे मी, जिचा व्यवसायच रेघा ओढण्याचा आहे, विचारपूर्वक लिहीत आहे. कारण खाली दिले आहे.

साक्षीदार:

कर्टिस येगर, सहायक भूमापक. (थिओडोलाइट नाकारून.)

ओपल डनिंग, शेजारीण. यांनी सगळे दोनदा वाचले आणि विचारले, “यात माझं काहीच नाही?” मी म्हणाले, “नाही, म्हणूनच तुमची सही चालते.” “मग कॉफी तरी टाक.” कॉफी दिली. लाभ म्हणून ती धरू नये.

सही: रोवीना ब्रॅनम
एल्क फोर्क, इंडियाना
शनिवार, १ जून २०२४

व्हर्ना आत्यासाठी, प्रतीसोबत:

आत्या, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात हे मला माहीत आहे. तरी ही प्रत आधी पाठवते आहे.

कुणाचा दगड धुतला, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला आता मिळालं. तुझ्याकडच्या बायबलाच्या पहिल्या पानाचा फोटो तुझ्या पुस्तकात आहे; त्यावर तेरा मुलांची नावं आहेत. सगळी एकाच अक्षरात, एकाखाली एक. ते अक्षर दुसरीचं आहे. निळ्या पेटीत तिचं एक पत्र आहे, त्याच्याशी ताडून पाहिलंय. पाचव्या आणि सहाव्या नावाच्या मध्ये तिनं रेघ ओढली नाही. म्हणून तर आपण सगळे चुकलो. लग्न करून घरात आली तेव्हा ऑरिन सहा महिन्यांचा होता, आणि तो दुसऱ्या कुणाचा आहे असं तिनं कुठंच लिहिलं नाही. पन्नास वर्षं तू तिचा दगड धुतलास. त्यातलं एकही धुणं वाया गेलेलं नाही. पुढच्या मेमध्ये बादली मी उचलीन.

पण आपल्याकडे बटाट्याच्या भांड्यालासुद्धा नाव असतं, आत्या. पहिलीनं जंगल तोडून अख्खं शेत काढलं, आणि तिच्या नावाची चिकटपट्टीही नाही. तिला आपण विसरलो. नांगर विसरला नाही, एवढंच.

दार मीच आपटलं होतं.

दगड बसवू का? हो की नाही, ते सोमवार, १७ जूनपर्यंत कळव. फोन नको वाटला तर ड्वेनबरोबर चिठ्ठी पाठव.