कागद सोललेले सहा आरसे

सोमवार, ४ तारीख

आले एकदाची! मावशीनं दारातच माझी पिशवी ओढून घेतली आणि म्हणाली, पायाला भिंगरी लावलेली ही कार्टी महिनाभर टिकली तर मी माझं नाव बदलीन. सख्खी मावशी, आईची धाकटी बहीण, म्हणून ऐकून घेतलं. टायरच्या दुकानात मी दीड महिना टिकले होते, हे तिला माहीत नाही. तिथला मालक टायरवर बसूनच झोपायचा. असो.

मावशी आणि काका पुढच्या खोलीत भिंतीवरचे आरसे बनवतात. ताटाएवढी गोल काच, मागे पुठ्ठा, कडेनं सूर्याच्या किरणांसारख्या बांबूच्या काड्या. काड्या गरम गोंदानं डकवायच्या, मग वरून सोनेरी फवारा. स्वस्तातला माल, पण दिसतो झोकात. पहिल्याच दिवशी बोट भाजलं. मावशी म्हणाली, आता तू कामगार झालीस.

काचा खाकी कागद डकवलेल्याच येतात. तो कागद आपण सोलायचा नाही. गिऱ्हाईकानं घरी नेऊन सोलायचा. फवाऱ्याचा रंग काचेवर उडतो म्हणून, असं मावशी म्हणाली. दोनदा म्हणाली.

बुधवार, ६

काका फार गमतीशीर माणूस. खोलीत शिरण्याआधी खोकतात. दुकानात, फाटकापाशी, सगळीकडे. मी विचारलं, घसा बसलाय का? तर म्हणाले, नाही गं, सवय. मावशीनं एकदम विषय बदलला.

शनिवार, ९

आरसे विकणारा दुकानदार कुरकुरला. रंग कागदाखाली झिरपतो, काचेवर सोनेरी रेघ उमटते, गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. मावशी-काका गोंद आणायला गेले होते. म्हटलं, आपण जरा डोकं चालवू. सहा आरशांचे कागद सोलले, स्पिरिट आणि कापसानं रेघा पुसल्या. काय लखलखले! प्रत्येकात माझं ध्यान, नाकाला सोनेरी रंग. नवे कागद लावणार होते, पण शेजारच्या गच्चीवर कुणीतरी गादी दोरीनं खाली सोडत होतं. ती मध्येच अडकली. मी ते बघत राहिले. तेवढ्यात दुकानदाराचा टेंपो आला. दुकानदार जाम खूश. घेऊन गेला.

मावशीला मी होऊन सांगितलं नाही. शाबासकी आपोआप मिळेल.

सोमवार, ११

सकाळी मावशीनं दोनच कप चहा केला. चेष्टा वाटली. मी समोर उभी राहिले तेव्हा दचकली, म्हणाली, अगं, तू कधी आलीस?

दुपारी किराणावाल्यापुढे उभी होते. माझ्या मागून आलेल्या तिघांना त्यानं सामान दिलं. मी ओरडले तेव्हा त्यानं आधी इकडेतिकडे पाहिलं.

मंगळवार, १२

सांगून टाकलं. मावशीनं हातातली काच पालथी ठेवली. काका रडले. मोठा माणूस असा रडताना मी पाहिला नव्हता.

मावशीनं सांगितलं, कागद सोलल्यावर त्या काचेत जो पहिला चेहरा पडतो तो आत राहतो. गिऱ्हाईकानं आपल्या घरी सोलला तर बिघडत नाही, चेहरा आपल्याच घरात. पण इथे सोलून परक्याच्या घरी गेला, तर तिथे जितकी माणसं त्यात बघतील, तितके आपण इकडे कमी दिसतो. काकांनी एक सोलला होता. एकच. तेव्हापासून खोकतात.

मी म्हटलं, मग पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं? मावशी म्हणाली, सांगितलं असतं तर तू इथे कामाला थांबली असतीस?

बुधवार, १३

दुकानातून पाच परत आणले. त्यांवर कागद डकवले. डकवताना पाहिलं, पाचही आरशांत मी कापूस घेऊन पुसत होते. मी स्तब्ध उभी, आणि त्या पाचजणी पुसतायत—

सहावा विकला गेला. शिवणकाम करणाऱ्या बाईनं नेला, मागच्या गल्लीत. तिच्याकडे दिवसभर बायका येतात. कपडे घालून बघतात. आरशात बघतात. दिवसभर—

काका घ्यायला गेले. बाईनं त्यांना पाहिलंच नाही म्हणे.

गुरुवार, १४

मावशीला हाका मारल्या. हात धरला. तिनं हात झटकला, झुरळ झटकावं तसा. मग रडली, म्हणाली, पोरगी न सांगता गेली बघा, तशीच आहे ती.

मी इथेच आहे. मावशी, मी इथे—

गुरुवार, दुपार

शिवणवालीच्या घरात आहे. दार उघडंच होतं. मधोमध स्टुलावर बसून लिहितेय, कुणी विचारत नाही. एका बाईनं माझ्या मांडीवर ब्लाउज टाकला.

आरसा समोर आहे. त्यात ती, सहावी. आता पुसत नाही. शिवणवाली तिला विचारतेय, बाही घट्ट होतेय का गं? ती हसली. माझं हसू.

खिळ्यावरून काढायचा, फोडायचा, बस्स. उठते—

पाय उचलले जात नाहीत. वही हलकी लागतेय, की हात—

तिची बोटं काड्यांवर आली. काचेच्या अलीकडे.

शिवणवाली म्हणाली, ये बाई, किती वेळ उभी राहशील तिथे. हात दिला तिला. ती उतरतेय. एक पाय जमिनीवर—

आरसा रिकामा आहे. आत कुणी नाही. मला तिकडे कुणीतरी ओढ