कोलंबसला जोडीदार

अण्णा,

तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही विचारायला हवं होतं असं मला फारसं वाटलं नाही. आता वाटतंय, आणि फार वाटतंय. रविवारी कारखान्यात टेस्टिंग आहे. कोलंबस नावाच्या हॉपबरोबर दुसरा कुठला हॉप घालायचा ते मला ठरवून द्यायचंय, आणि मला वास येत नाही. कमी येतो असंही नाही, येतच नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर ताप आला, उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, बहुतेक येईल परत, काहींचा येत नाही. एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही हे मला कळतं, तरी लिहितोय, कारण हा प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारायची सोय नाही.

वाळूजच्या बिअर कारखान्यात तुम्ही सगळी नोकरी हॉप्समध्ये काढलीत. त्या हिरव्या फुलांनी बिअरला कडूपणा येतो, वास येतो, पण आईच्या लेखी तो नुसता पाला होता. ती मावशीकडे गेली की तुम्ही आंघोळीच्या पाण्याचं मोठं पातेलं गॅसवर चढवायचात आणि घरची बिअर करायला घ्यायचात. मला अजून दिसतं, तुम्ही बनियनवर ओट्याशी उभे आहात, तळहातावर फुलं चोळताय, हात गरम झाल्यावर माझ्या नाकाशी धरताय. "पहिला वास सोडून दे," तुम्ही म्हणता, "तो नुसता ओरडतो. दुसरा घे." मी कॉलेजात होतो तेव्हा कोलंबसची पुडी पहिल्यांदा घरात आली. नमुना म्हणून कुणीतरी परदेशातून कारखान्यात पाठवलेली. तुम्ही आंघोळीला गेलात तेवढ्यात मी शहाणपणा करून अख्खी पुडी पातेल्यात रिकामी केली. पंधरा-वीस दिवसांनी बाटली उघडली, तुम्ही एक घोट घेतला आणि मोरीत जाऊन थुंकून आलात. "हे प्यायला केलंस की ढेकूण मारायला?"

मला वाटलं, आता पातेल्याजवळ फिरकू देणार नाहीत. पण पुढच्या वेळी तुम्हीच हाक मारलीत. कोलंबस थोडासा, तोही सुरुवातीलाच, उकळी चालू असताना. आणि गॅस बंद केल्यावर वरून मूठभर साझ, तुमच्या कारखान्यातला तो जुना, मऊ वासाचा हॉप. "हा तोंडाळ आहे," कोलंबसकडे बोट दाखवून तुम्ही सांगितलंत. "ह्याच्या शेजारी ऐकून घेणारा कुणी बसवला तरच ह्याचं बोलणं गोड लागतं." ती बिअर तयार झाली तेव्हा तुम्ही दुसरा पेला काढून माझ्यापुढे सरकवलात. आपल्या घरात बापाने मुलाला पेला भरून द्यायचा म्हणजे केवढी गोष्ट होती! मी मान खाली घालून प्यायलो. मग तुम्ही म्हणालात, "रंग, उंची, चिडकेपणा, सगळं आईचं घेतलंस. नाक तेवढं माझं आहे. सांभाळ." अण्णा, मी सांभाळलं होतं. तुमच्या त्या नाकावरच इथवर आलो.

रियाधला सुलैच्या बाजूला आमचा कारखाना आहे. आम्ही माल्टचं पेय बनवतो. रंग बिअरचा, फेस बिअरचा, दारूचा थेंब नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, लग्न लावलंत आणि नवरदेवच विसरलात. आता आमच्या मुदीरला, म्हणजे मॅनेजरला, तरुण पोरांसाठी तेज वासाचं पेय काढायचंय. कोलंबस त्यानेच मागवला. बाहेरचं कुणी आलं की तो माझ्या खांद्यावर हात ठेवतो आणि मोडक्या हिंदीत सांगतो, "ये हमारा कंपनी का नाक है." परवा दोस्त म्हणत घाईने विचारत होता, "यल्ला, सदीक, नाक क्या बोलता?" मी हसलो आणि म्हटलं, बोलेगा, बोलेगा. त्याला कळलं तर नोकरी खलास, नोकरीबरोबर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, खलास, आणि मुलगी इथल्या भारतीय शाळेत बारावीला आहे. ऐन वर्षात तिला उचलून मी कुठल्या शाळेच्या दारात उभा राहू? सकाळी डोळे उघडले की आधी उशीचा वास घेऊन बघतो. नसतो.

घरीही मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण एकदा गॅसवर दूध करपून काळं झालं आणि मी त्याच्यासमोर उभा राहून आरामात फोनवर बोलत होतो. तुमची सून आतून धावत आली. "अहो, नाक कुठे गहाण टाकलंय?" म्हणाली, आणि माझं तोंड बघून तिला कळलं. तिने गॅस बंद केला. हिंगाची डबी उघडून माझ्यापुढे धरली, मग लसूण ठेचून धरला. मी मान हलवत राहिलो. शेवटी ती म्हणाली, "रडू नका. माझं नाक आहे ना. मी हुंगते, तुम्ही लिहून घ्या." जन्मभर हॉप्सच्या वासाने नाक मुरडणारी बाई ती!

काल शुक्रवारी दुपारी आम्ही स्वयंपाकघरात बसलो. माल्ट उकळला, हॉप घातले. इथे यीस्ट घालायची सोय नाही, घातली की दारू होते, दारू म्हणजे थेट तुरुंग, त्यामुळे आमची घरची बिअर अर्ध्या वाटेवरच थांबते. चार बरण्या मांडल्या, सगळ्यांत कोलंबस, प्रत्येकात जोडीदार वेगळा. कशात काय आहे ते तिला सांगितलं नाही. तुमची जोडी मला आठवत होती, पण तो वास नेमका कसा होता हेच आठवेना. या पेयात साझ टिकेल का, तेही कळत नव्हतं. पहिली बरणी हुंगून ती म्हणाली, "कांदा चिरून रात्रभर उघडा ठेवलाय कुणीतरी." दुसरी, "त्याच कांद्यावर संत्र्याची साल. दोघांचं भांडण चाललंय." तिसरीला सुताराच्या दुकानातला भुसा. मी लिहून घेत होतो.

चौथ्या बरणीवर ती वाकली ती वाकलेलीच राहिली. मग हळूच म्हणाली, "अहो, हा अण्णांचा शर्ट आहे." तिचे डोळे भरून आले होते. "नवी नवरी होते मी. मोरीतल्या दगडावर आपटून आपटून धुवायचे, तरी हा वास जायचा नाही. तेव्हा मला मळमळायचं. अगदी हाच हो, जरासुद्धा फरक नाही." ती साझची बरणी होती. दोन्ही हातांनी उचलून तिने ती माझ्या नाकाखाली धरली. "घ्या ना. बाकीचं जाऊ दे, हा तर तुम्हाला येईलच."

मी डोळे मिटले. पहिला सोडून दिला, दुसऱ्याची वाट पाहिली. तुमचा निळा शर्ट, त्याची वर दुमडलेली बाही, खिशातला चष्मा, सगळं डोळ्यांपुढे आलं. डोळे उघडले तर ती बरणी धरून माझ्याकडेच बघत होती. मी म्हटलं, "हो. आला." तशी ती ओरडलीच, "अगं, पप्पांचं नाक परत आलं!" मुलगी पुस्तक टाकून धावत आली, "रिअली, पप्पा?" म्हणून गळ्यात पडली. घरात कितीतरी दिवसांनी कुणीतरी हसत होतं.

रविवारी मी तुमचीच जोडी घेऊन जाईन आणि मुदीरला तिचे शब्द माझे म्हणून सांगेन. तेवढं निभेल. पण त्याच्या पुढच्या वेळी बरणी घेऊन तिच्याकडे कुठल्या तोंडाने जाऊ? अण्णा, मला काहीच आलं नव्हतं. नुसती गरम वाफ आली आणि मिशा ओल्या झाल्या.